गुलगाँगचं संग्रहालय गावाने उभारलं, पुढचं आपण बघा: न्यू साउथ वेल्सच्या कलामंत्र्यांना खुले पत्र

मा. कलामंत्री,
न्यू साउथ वेल्स राज्य, सिडनी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवते आहे. इथे ते मराठीत देते, कारण सुट्टीत वाइन चाखायला मडजीपर्यंत जाणाऱ्या आमच्या सिडनीकर मराठी मंडळींनीही ते वाचावं आणि पटलं तर खाली सही करावी. मडजीहून गुलगाँग गाडीने अर्ध्या तासावर, पण तिथवर फारसं कुणी जात नाही.

1870 मध्ये रेड हिलवर सोनं सापडलं आणि बघता बघता गुलगाँगमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं येऊन पडली. सोन्यापायी वसलेली आणि सोन्याबरोबरच ओसरलेली गावं आपल्या राज्यात कमी नाहीत. गुलगाँगचं नशीब असं, की ऐन भरात, 1872 मध्ये, तिथे ब्यूफॉय मर्लिन हा फोटोग्राफर आपला तरुण मदतनीस चार्ल्स बेलिस याला घेऊन पोचला. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असेपर्यंत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची, असा तो काळ. काच वाळली की सगळं मुसळ केरात. तरीही या दोघांनी बडे लोक आणि बड्या इमारती एवढ्यावर न थांबता घरोघर, दुकानोदुकानी फोटो काढले.

ते फोटो मोठे करून पाहावेत. झाडाच्या सालीचं छप्पर, समोर नुसता चिखल, आणि दुकानाच्या दर्शनी फळीवर अक्षरं: ‘जगातलं सर्वांत मोठं आश्चर्य’! मालकाच्या आत्मविश्वासाला दाद द्यावी लागेल. दारात माणसं श्वास रोखून उभी, आणि एखादं कुत्रं हललं म्हणून त्याचा नुसता धूर झालेला.

या कामामागे नंतर पैसा उभा केला तो हिल एंड या सोन्याच्याच दुसऱ्या गावातल्या बर्नहार्ट होल्टरमनने. ऑक्टोबर 1872 मध्ये त्याच्या खाणीत 286 किलोचा सोन्याचा खडक निघाला. शेजारी हात टेकून उभा असलेला त्याचा प्रसिद्ध फोटो खरं तर जोडकाम आहे. माणूस वेगळा टिपला, खडक वेगळा. तो खडक स्वतः विकत घेऊन जपायची त्याची इच्छा होती, पण कंपनीने नकार दिला आणि खडक फोडून सोनं काढलं. 1873 मध्ये मर्लिन गेला, 1885 मध्ये होल्टरमन. काचांचा पत्ता लागला तो थेट 1951 मध्ये, सिडनीच्या चॅट्सवूड भागात, घरामागच्या एका शेडमध्ये. साडेतीन हजारांच्या घरात काचा! आज त्या आपल्या स्टेट लायब्ररीत आहेत आणि 2013 पासून युनेस्कोच्या ऑस्ट्रेलियन स्मृती-नोंदवहीतही आहेत.

लायब्ररीने त्या उत्तम जपल्या, त्याबद्दल वाद नाही. पण या फोटोंचं संग्रहालय फोटोतल्या गावीच हवं, हे मनावर घेतलं ते गुलगाँगच्या लोकांनी. जुन्या दहा डॉलरच्या नोटेवर लेखक-कवी हेन्री लॉसनच्या मागे याच गावाची दुकानं होती. मेन स्ट्रीटवरची ‘आश्चर्य’वाली इमारत आणि तिच्या शेजारचं तंबाखूचं दुकान यांची गावकऱ्यांनी डागडुजी केली, आणि 2019 मध्ये तिथे होल्टरमन संग्रहालय उघडलं. ज्या दुकानाचा फोटो, त्याच दुकानाच्या भिंतीवर तो पाहायचा. असं भाग्य किती संग्रहालयांच्या वाट्याला येतं?

आता मूळ मुद्दा. वास्तू उभी करायला निधी मिळतो, कारण फीत कापता येते. विजेचं बिल, विमा, छापील फोटोंचा ओलाव्यापासून बचाव, शनिवार-रविवारी दार उघडायला माणूस, यांना फीत नसते. लहान गावांत हा भार निवृत्त मंडळी फुकट वाहतात, आणि तीही थकतात. आम्ही राहतो त्या बाजूला, पॅरामॅटाला, पॉवरहाउस या नव्या संग्रहालयासाठी सरकार नव्वद कोटी डॉलरच्या घरात खर्च करतं आहे. जरूर करावा, माझी नातवंडं तिथे जातील. पण त्या आकड्यापुढे गुलगाँगला एका पगारी संग्रहपालाचा पगार म्हणजे दर्या में खसखस.

म्हणून विनंती अशी: गावकऱ्यांनी स्वतः उभारलेल्या अशा संग्रहालयांना दरवर्षी अर्जांची भेंडोळी भरायला न लावता निदान पाच वर्षांचा चालू खर्च एकदाच मंजूर करावा. सुरुवात गुलगाँगपासून करावी.

आणखी एक. वर्षातून एकदा लायब्ररीच्या तज्ज्ञांसोबत निवडक चार-पाच मूळ काचा आठवडाभर गुलगाँगला पाठवाव्यात. काच फुटेल, हवामान मानवणार नाही, या हरकती मला कळतात. पण दीडशे वर्षांपूर्वी याच काचा घोडागाडीच्या रस्त्यांनी फिरल्या आणि पुढे एका शेडमध्ये पडून राहूनही शाबूत निघाल्या. आज नीट पेटी, नीट गाडी आणि जाणकार माणूस देणं आपल्या खात्याला अवघड नाही. जमणार नसेल, तर कोणत्या कारणाने, ते संग्रहालयाच्या स्वयंसेवकांना लेखी कळवावं.

आपली,
वेस्टमीडमधील एक मराठी करदाती