फाइलींच्या नावांचा गुंता सोडवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. यात मध्येच बोलायची सोय नाही.

आमचा अनुवादकांचा गट लहान, पण कुणाकडे विंडोज, कुणाकडे जुना मॅक, आणि आम्ही दोघी-तिघी लिनक्सवाल्या. पैसे भरून ऑनलाइन जागा घेतली आणि मग कळलं, त्या सेवेचं लिनक्ससाठी अ‍ॅपच नाही. ग्राहक सेवेचं उत्तर एकच: ब्राउझरमधून चढवा-उतरवा. रोजचं काम तसं करणं म्हणजे वाटीनं विहीर उपसणं! ज्याला त्याला विचारलं, तो म्हणे, "विंडोज टाका की." तुम्ही मात्र आधी विचारलंत, "तिथे नेमकं ठेवता काय?"

मग तुम्ही आरक्लोन लावून दिलंत, संगणक आणि ऑनलाइन जागा यांच्यात फाइलींची ने-आण करणारं सॉफ्टवेअर. मोफत, मुक्त स्रोत, तिन्ही प्रणालींवर चालणारं. कमांड लिहायची धास्ती होती, पण ‘माउंट’ केल्यावर ती सगळी साठवण साध्या फोल्डरसारखी समोर उघडली. फाइली वर पाठवताना ‘कॉपी’ ऑनलाइन जागेतलं काही पुसत नाही आणि ‘सिंक’ मात्र आपल्या संगणकावर जे नाही ते तिथूनही उडवतं, हे तुम्ही बजावलंत. तेव्हापासून ‘ड्राय-रन’ करून काय काय पुसलं जाणार ते पाहिल्याशिवाय आमच्यात कुणी सिंक करत नाही.

पण खरे आभार नावांबद्दल. ‘दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा’ ही फाइल लिनक्सवर दोनदा दिसायची. नाव तेच, आतला मजकूर वेगळा. आम्ही एकमेकींवर संशय घेत होतो! तुम्ही दाखवलंत की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांत, ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असा सुटा. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल प्रणाली नावं साठवताना अक्षर सुटं करते; लिनक्स आपण टाइप केलं तसंच ठेवतं. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. आमच्या गटात ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ नावाच्या फाइली किती, ते तुम्हाला माहीतच आहे.

बाकीचं त्या मानानं सोपं होतं. प्रश्नचिन्ह आणि कोलन विंडोज नावात घेत नाही, आणि आमच्या लेखकांना प्रश्नार्थक शीर्षकांची भारी हौस. लिनक्सवर नावाची मर्यादा बहुधा 255 बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचं एक छोटं माप). देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, 3 बाइट खातं, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. आता फाइलींना प्रकरणाचा आकडा आणि तारीख एवढंच नाव. शीर्षक आत.

अप्रकाशित हस्तलिखितांसाठी आरक्लोनमधलं ‘क्रिप्ट’ही तुम्हीच सुचवलंत: फाइल आपल्याकडेच कुलूपबंद होते आणि मगच वर जाते. पासवर्ड हरवला तर तुम्हीसुद्धा काही करू शकणार नाही, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की तो कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवलाय. बाहेरच्या डिस्कवरची प्रतही चालू आहे.

दोन्ही बाजू आपोआप जुळवणाऱ्या ‘बायसिंक’वर मात्र माझा अजून विश्वास बसत नाही. तुम्ही हसाल, हसा. अंतिम प्रती मी हातानंच कॉपी करणार.

तुमची ऋणी,
गटातली लिनक्सवाली