टायर रंगवण्याआधी भोक पाडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या टायरच्या बागेचा सचित्र लेख वाचला. पिवळे-निळे टायर, त्यांत सदाफुली आणि जास्वंद. काम देखणं आहे. फोटो भिंग लावून पाहिले. पाणी निघून जायला भोक मात्र एकाही टायरला दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

एसटीच्या कार्यशाळेत टायर विभागात मी 31 वर्षं काढली. निवृत्तीनंतर नातीसाठी मोटारीच्या टायरचा झोपाळा परसातल्या आंब्याला टांगला. जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि आशाताई घरभेटीला आल्या. पिंप पाहिलं, फ्रिजमागचा ट्रे पाहिला, मग झोपाळ्यात बॅटरी मारली. तळाशी वाटीभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या! ‘काका, नात यातच बसते ना?’ एवढंच म्हणाल्या. जन्मभर टायर हाताळलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

टायर उपडा केला की पाणी जाईल असं वाटतं. जात नाही. कसाही फिरवा, ते टायरच्या पोटात गोल फिरतं आणि थोडं तरी उरतंच. डेंगी पसरवणाऱ्या एडीस डासाला नेमकं असंच सावलीतलं, साचलेलं पाणी लागतं. पावसाळी उबेत आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे पाणी ओतून भागत नाही, आतून ब्रशने खसाखसा घासावं लागतं.

भोक कुठे पाडायचं, तर टायर जिथे टेकतो किंवा लोंबतो त्याच्या सगळ्यांत खालच्या जागी. आडव्या कुंडीला खालच्या बाजूला बोटभर रुंदीची चार-पाच. झोपाळ्याला किंवा उभ्या टायरला नक्षीतूनच आरपार पाडावं लागतं, आणि तिथे रेडियल टायर छळतो, कारण नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. ड्रिल अडकतं, तुटलेली तार हातात घुसते. त्यापेक्षा स्कूटरचा नायलॉनचा टायर घ्या. ड्रिलचं पातं साबणाच्या पाण्यात बुडवत राहिलं की रबर ते धरून ठेवत नाही. कुंडी करणार असाल तर वरची कड कापूनच टाका. नाहीतर तिच्याखाली माती पोचत नाही आणि पोकळी राहते.

भाजी मी टायरमध्ये लावत नाही. रबरात जस्त असतं, तेलं असतात; मेथीला दुसरी जागा आहे. फुलझाडांचीही मुळं उन्हाळ्यात काळ्या टायरमध्ये भाजतात, म्हणून बाहेरून चुना मारतो. रंगाचा खर्च वाचतो.

टायर वापरूच नका, असं माझं म्हणणं नाही. आमच्या पिढीने टायरच्या चपला झिजवल्या, ट्यूब कमरेला बांधून विहिरीत पोहायला शिकलो. जनावरांपुढे पेंड ठेवायला टायरचं घमेलं अजून गोठ्यात आहे आणि लोखंडी घमेल्यापेक्षा जास्त टिकलं आहे. (होळीत टायर टाकणाऱ्यांना काय म्हणावं? तो काळा धूर आपल्याच छातीत जातो.)

खरी काळजी बागेतल्या टायरची नाहीच. पत्रा उडू नये म्हणून छपरावर टाकलेले टायर, कडब्याच्या गंजीवरच्या ताडपत्रीवर ठेवलेले, पंक्चरच्या दुकानाबाहेर रचलेले, यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पहिल्या पावसाआधी शिडी लावून त्यांनाही भोकं पाडली पाहिजेत. आमच्या गल्लीतले अकरा टायर मी या मे महिन्यात केले. दोन घरांनी ‘कशाला उगाच’ म्हणून शिडी लावू दिली नाही.

पुढच्या वेळी टायरच्या कुंडीचे फोटो छापाल, तेव्हा एक खालच्या बाजूचाही छापा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टायर-फिटर, सातारा जिल्हा