पणजोबांचा नवस आणि आपला पिंट्या

आई, आप्पा,

फोनवर हा विषय निघाला की आप्पांचा आवाज चढतो आणि आई फोन ताईकडं देती, म्हणून टाइप करून पाठवतोय. पणजोबांच्या नवसापायी यंदा कोजागिरीला पिंट्याला अनवाणी तुळजापूरला चालवायचं मला पटत नाही. देवी मान्य आहे, चालणं पण मान्य आहे, फक्त पोराला न विचारता त्याच्या नावावर नवस चढवणं मान्य नाही.

पणजोबांचं काही चुकलं असं मी म्हणत नाहीये. जुन्या गिरणीतला कामगार, पोरगं तापाने फणफणलेलं, खिशात दमडी नाही, अशा माणसाने देवीला काय वाट्टेल ते कबूल केलं असतं. पण त्यांनी नुसते स्वतःचे पाय नाही दिले, पुढच्या सगळ्या थोरल्या पोरांचे देऊन टाकले, जे तेव्हा जन्माला पण आले नव्हते.

माझ्या ऑफिसात ठाण्याचा एक मित्र आहे, बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचा मराठी ज्यू. त्यांच्यात मुलाची सुंता आठव्या दिवशी होते, देवाशी झालेल्या कराराची खूण म्हणून, आता आठ दिवसांचं बाळ काय हो म्हणणार. तो सांगत होता, त्यांच्या ग्रंथात त्यांचा पैगंबर मोशे सरळ म्हणतो की हा करार आज इथं उभे आहेत त्यांच्याशी आणि आज इथं नाहीत त्यांच्याशीपण. पण गंमत म्हणजे त्यांच्याच जुन्या पंडितांनी यावर वाद घातलाय. तालमुदात, म्हणजे त्या पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात आहे म्हणे, हा करार देताना देवाने सिनाय डोंगर लोकांच्या डोक्यावर उपडा धरला, स्वीकारा नाहीतर इथंच गाडले जाल. लगेच एक पंडित म्हणतो, मग ही तर जबरदस्ती झाली. त्यावर दुसऱ्याचं उत्तर, पुढं एस्तेर राणीच्या काळात लोकांनी तो करार आपणहून परत स्वीकारला. मला ते उत्तर लई आवडलं.

आप्पा, तुमची सगळी नोकरी कोर्टात गेली. बापाचं कर्ज मुलाने, नातवाने, पणतूने धर्म म्हणून फेडायचं हा जुना हिंदू कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. २००५ च्या वारसा कायद्याच्या दुरुस्तीने तो पण गेला, ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी नुसतं धर्माचं कर्तव्य म्हणून कोर्ट पोरांच्या मागं लागत नाही. सावकाराचं देणं आपोआप चढत नाही आणि देवीचं चढतं, असं कसं? ती काय सावकारापेक्षा कडक आहे का.

आणि आई, "देवीचं देणं ठेवू नये" म्हणतेस, पण याच भीतीपोटी लोकांनी लहान पोरी देवाला सोडल्या, मुरळ्या केल्या. नवस आईबापाचा आणि आयुष्य पोरीचं गेलं. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ लाच कायदा करावा लागला. पिंट्याचं चालणं तसलं नाही हे कळतंय मला, चिडू नकोस, पण दुसऱ्याच्या वतीने कबूल करायची खोड तीच.

आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत बघा ना, कुंभारकन्येचं लग्न सिद्धेश्वराच्या योगदंडाशी लागून शेकडो वर्षं झाली, तरी दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, संमती कट्ट्यावर येतात, लग्नाची संमती वाचतात आणि मगच अक्षता पडतात. मागच्या वर्षी वाचली होती म्हणून यंदा कोणी सोडून देत नाही.

अजून एक, हे मला जास्त लागलंय. थोरली ताई आहे, मी नाही. तिला लहानपणापासून चालायची हौस, आणि तुम्ही म्हणायचात मुलींचं नाही त्यात. म्हणजे जिला जायचंय ती मोजायची नाही आणि ज्याला विचारलंच नाही त्याला बांधायचं.

तर यंदा मी आणि ताई चालतो. पिंट्या आप्पांसोबत गाडीवर तामलवाडीपर्यंत येऊ दे, तिथून पुढं चालायचंय का ते त्यालाच विचारू, चप्पल घालून चालला तरी चालेल. नको म्हणाला तर आप्पा, त्याला ओरडायचं नाही आणि पणजोबांची गोष्ट सांगून रडवायचं तर अजिबात नाही. ताईला मी अजून सांगितलेलं नाही, ते तुम्ही सांगा, तुमच्या तोंडून ऐकायचंय तिला.

तुमचा,
बाळू