तयारी दोघांनी करायची

प्रिय मित्रा,

परवा फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. मूल होऊ द्यायचं ठरवलंत हे सांगता सांगता तू म्हणालास, "हिच्या गोळ्या चालू झाल्यात, मला काय करायचंय त्यात." तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. निवांत वाच.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. आजची तुझी झोप, आजची सिगरेट, आजचा पेग, सगळ्याचा हिशेब अडीच-तीन महिन्यांनी लागतो. त्यामुळे सिगरेट आत्ताच सोड. कमी कर म्हणत नाही, सोड. एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घे, मीही घेतली होती. बाहेर जाऊन ओढणं ही पळवाट आहे. धूर घरात येतोच आणि वहिनींनाही बाधतो. दारू दोघांनीही बंदच ठेवा. गरोदरपणात तिचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप घेऊन बसू नकोस, कारण वृषणांना शरीरापेक्षा थोडं कमी तापमान लागतं. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर साफ नाही म्हण. त्याने ताकद वाढल्यासारखी वाटते, पण शुक्रजंतू बनणं जवळपास थांबू शकतं.

वहिनींची गोळी बहुधा फॉलिक ॲसिडची असेल. ती रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून, आणि पहिले १२ आठवडे. इतक्या आधी का, ते मला फार उशिरा कळलं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटून बंद होते. पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, टेस्ट केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर ते काम उरकत आलेलं असतं. मधुमेह किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. चालू औषधं मात्र मनाने बंद करायची नाहीत.

आधीच करून घ्यायच्या तपासण्या म्हणजे थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर ती आधीच घ्यावी लागते. गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं.

दिवस मोजण्याबद्दल थोडं सांगतो. स्त्रीबीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत. बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ. आम्ही तक्ता करून भिंतीवर लावला आणि घराची परीक्षाकेंद्रासारखी अवस्था झाली. दर दोन-तीन दिवसांनी जवळ आलात तरी पुरतं. वर्षभर जमलं नाही (वहिनी पस्तिशीच्या पुढे असतील तर सहा महिने) की डॉक्टरांकडे जा, आणि वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घे. ती सगळ्यात सोपी आहे, आणि पुरुष नेमकी तीच टाळतात.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते. आमचं पहिलं बाळ नवव्या आठवड्यात गेलं. त्यानंतर कित्येक रात्री ही स्वतःच्या चुका मोजत बसायची. त्या दिवशी प्यायलेली कॉफी, चढलेले जिने, उचललेली पिशवी. मी गप्प राहायचो. वाटायचं, गप्प राहणं म्हणजेच धीर देणं. तिने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ दोष असा घेतला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्मे गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात, कॉफीच्या एका कपाने किंवा जिन्याने नाही. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे सुमारे दोन कप कॉफी, चालतं. हे मला आधी माहीत असतं तर मी तिला त्याच रात्री सांगितलं असतं. तू माहीत करून घे. चांगल्या सवयींनी शक्यता वाढते, खात्री मिळत नाही, हे तुम्ही दोघांनी आधीच एकमेकांशी बोलून ठेवा.

दिवस राहिल्यावर "दोन जिवांचं खा" म्हणणारे भेटतील. पहिल्या तिमाहीत जास्तीच्या उष्मांकांची गरज जवळजवळ नसते, पुढेही रोज ३५० ते ४५० एवढीच. न तापवलेलं दूध, अर्धकच्चं मांस टाळायचं. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर चालणं सोडायचं नाही, आठवड्याला दीडशे मिनिटं. तूही सोबत चाल. आमच्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या चालण्यात झाल्या. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपणं चांगलं. बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त गेलं, किंवा जोराचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच दवाखाना गाठा.

वहिनींची पुढची तपासणी कधी आहे? त्या दिवशी रजा टाक आणि आत त्यांच्या शेजारी बस, बाहेरच्या बाकावर नको. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न दोघांनी मिळून कागदावर लिहून न्या. आणि सिगरेट सोडल्याचा पहिला आठवडा भारी जातो. रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागा असेन.

तुझाच,
जुना मित्र