प्रयोगशाळेची दारे पोरांना उघडा

महोदय,

विद्यापीठातल्या विज्ञान संशोधन केंद्राचा प्रमुख नेमताना शोधनिबंध मोजतात. शाळांशी त्याचे नाते काय, हे कोण विचारतो? २८ फेब्रुवारीला रामन परिणामाची पोस्टरे लागली, दोन भाषणे झाली, की झाला विज्ञान दिन!

रावेर-यावलच्या पोरांनी केळीवरचा हरण्या रोग बांधावरच पाहिलेला असतो. त्याचा विषाणू मावा ही बारीक कीड पसरवते; शेजारी काकडी-भोपळा असला की त्याला आयतेच घर मिळते. पानामागचा तो मावा पोरांना एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा, फवारणीआधी बापाला चार प्रश्न विचारतील.

प्रमुखाने महिन्यातला एक दिवस तालुक्यांतील शाळांना द्यावा, आणि बढतीच्या वेळी तो धरला जावा. गाडीभाड्याची सबब नको, एसटी आहेच.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, यावल