बाबा, तुमची पाणसळ सापडली

प्रिय आई, बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर नीट सांगणं होतच नाही. आईचा कुकर तरी वाजते नाहीतर दारावर कोणी तरी येते, आणि बाबा तर दोन मिनिटं झाली की "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे. म्हणून हे लिहून राहिली. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलं आहे, अक्षर मोठं ठेव म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बाबा चष्मा शोधण्यात अर्धा तास घालवतात ते मला माहीत आहे.

तर इथली, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची ट्रिप झाली. अकरा दिवस, काल गाडी परत केली. आर. व्ही. म्हणजे काय ते व्हिडीओत दाखवलं होतं, पंचवीस फुटी गाडी, पुढे ड्रायव्हरचं केबिन आणि मागे घर, आणि लिटरला चार किलोमीटर जाते, बाबांनी हे ऐकून बजाज चेतकची आठवण काढू नये.

आई, तुझा प्रश्न आधी. हो, संडास गाडीतच. गाडीच्या पोटाखाली तीन टाक्या असतात, एक चांगल्या पाण्याची, एक भांड्याआंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी ती. दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी जाऊन मोठा पाइप लावायचा आणि रिकामी करायची, आधी ती तिसरी आणि मग सांडपाण्याची, म्हणजे सांडपाण्याने पाइप आपोआप धुऊन निघते. हे खातं पूर्ण तुमच्या जावयांकडे होतं. पहिल्या दिवशी रबरी हातमोजे घालून असे उभे होते जसं काही डॉक्टर ऑपरेशनला चालले. फोटो काढला आहे पण आईला पाठवायचा नाही अशी शपथ घेतली आहे. संडासपासून शेगडी तीन पावलांवर, तू असती तर पहिल्याच दिवशी बाहेर चूल मांडली असती, बाहेर मांडायला जागा होती म्हणा.

आणि तो आवाज बाप्पा! गाडी चालू झाली की कपाटातले स्टीलचे डबे, ताटं, पळ्या सगळं मिळून बॅंड वाजते. दुसऱ्या दिवसापासून दोन ताटांमधे एक टॉवेल असं करून ठेवलं, तेव्हा कुठे एकमेकांचं बोलणं ऐकू आलं. दुसरी गंमत म्हणजे गाडी जिथे उभी करतो ती जागा सपाट नसली तर आत सगळं वाकडं, पोळीला तवा बरोबर पण तेल एकाच काठाला, पातेल्यातलं वरण एका बाजूला, झोपलं की डोकं खाली आणि पाय वर. त्यासाठी चाकाखाली प्लास्टिकचे ठोकळे लावायचे आणि त्यावर गाडी हळू चढवायची. ह्या ठोकळ्यांवरून आमचं जेवढं भांडण झालं तेवढं लग्नाच्या खरेदीत पण नव्हतं झालं. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

रस्ता 101 नंबरचा, खालून वर, समुद्र डाव्या हाताला. कधी दिसते, कधी डोंगराआड जाते. आपण नागपूरचे, झिरो माईलवाले, आपल्याला समुद्र म्हणजे सुट्टीत रिझर्वेशन करून पाहायची गोष्ट, मी प्रत्येक वळणावर "थांबवा ना" करून राहिली आणि जावई मालवणचे, त्यांना समुद्राचं तेवढंच कौतुक जेवढं आपल्याला संत्र्याचं. म्हणे, "हा कसला समुद्र, यात पाय टाकवत नाही." ते मात्र खरं आहे. पाणी बर्फासारखं, सप्टेंबरात पण, खालून थंड पाणी वर येत राहते म्हणून, आणि सकाळी धुकं इतकं की समोरचा खडक गायब. जागोजागी पाट्या, समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका, एखादी लाट न सांगता मोठी येते आणि ओढून नेते. मी पाठ केली नाही. सेल्फी पण बाजूने काढले.

रेडवूडची झाडं पाहिली. बाबा, दीक्षाभूमीचा स्तूप 120 फूट आहे ना, त्याच्या तिप्पट उंच झाडं आहेत तिथे, 350 फुटांच्या वर गेलेली. मान दुखते पण शेंडा दिसत नाही. 1968 साली तिथलं नॅशनल पार्क झालं, तोवर बहुतेक जुनी झाडं तोडून झाली होती. आत गेल्यावर एकदम गार आणि गप्प, पायाखाली सगळं मऊ, आम्ही दोघं पण न ठरवता हळू बोलायला लागलो. एक रात्र त्या झाडांखालीच काढली, मी तर्री-पोहे केले, आईने दिलेला मसाला संपला, पाठव.

ऑरेगॉनचं थोडक्यात सांगते. तिथला अख्खा किनारा लोकांसाठी मोकळा आहे, 1967 साली कायदाच केला, कोणी हॉटेलवाला कुंपण घालून "आमचा बीच" म्हणू शकत नाही. न्यूपोर्टचा पूल बाबांसाठी सगळ्या बाजूंनी काढला आहे, 1936 चा, लोखंडाच्या आणि काँक्रीटच्या कमानी, त्या एकाच वर्षी त्या किनाऱ्यावर असे मोठे मोठे पूल सुरू झाले आणि तोवर गाड्या नावेत टाकून खाडी ओलांडायचे. पोर्टलंडला मावशीच्या घरी दोन दिवस, ती बारीक झाली आहे, आई तुला म्हणून सांगते, पण तब्येत चांगली आहे, सकाळी चार किलोमीटर चालते. साडी दिली तुझ्यासाठी, रंग तुला आवडणार नाही.

आता मधलं एक ठिकाण मी मुद्दाम मागे ठेवलं. आई, हे वाचताना बाबांच्या हातात असेल तर कागद खाली ठेवू देऊ नको.

आम्ही काकांकडे गेलो होतो. जाताना दोन रात्री आणि येताना एक. आधी सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर बाबा "तुझी मर्जी" म्हणाले असते आणि मग ते दोन शब्द घेऊन मी अकरा दिवस फिरली असती.

बाबा, महाल भागातल्या आपल्या घराच्या विक्रीचं मला सगळं माहीत आहे, तेव्हा मी घरीच होती. काकांची पॉवर ऑफ अटर्नी यायला चौदा महिने लागले, पहिलं गिऱ्हाईक निघून गेलं, दुसऱ्याने भाव पाडला आणि तुम्ही रोज जेवताना म्हणायचे, "अमेरिकेत राहते, दारात दोन गाड्या, जाऊन एक सही करायला याचं काय जाते." मला पण तेच वाटायचं. अमेरिका म्हणजे आपल्या डोक्यात सगळं जवळ जवळ, गुळगुळीत रस्ते, जसं बर्डीवरून धरमपेठला गेलं आणि आलं.

काका राहतात ते क्रेसेंट सिटी, कॅलिफोर्नियाचं अगदी वरचं टोक. नाव सिटी पण आपल्या रामटेकसारखं समजा, एक मोठा रस्ता आणि बंदर. वकिलांनी सांगितलं होतं की भारताच्या कॉन्सुलेटमधे स्वतः जाऊन सही करायची आणि शिक्का आणायचा, ते सॅन फ्रान्सिस्कोला. म्हणजे जवळपास साडेपाचशे किलोमीटर. नागपूर ते शिर्डी धरा, पण समृद्धी महामार्ग नाही. मी तो रस्ता आता स्वतः केला आहे, अर्धा रस्ता तर झाडांमधून आणि डोंगराच्या कडेने, एकीकडे एक लेन, एकीकडे एक. मागे पाच गाड्या जमल्या की हळू चालणाऱ्याने बाजूला होऊन जागा द्यावी असा तिथे नियमच आहे, आम्ही दिवसभर बाजूला होत होतो.

आणि क्रेसेंट सिटीच्या जरा अलीकडे तो घाट येतो, त्याचं नावच लास्ट चान्स ग्रेड. तुम्ही बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली म्हणून तुम्हाला सांगते, अख्खा डोंगर समुद्राकडे सरकून राहिला आणि रस्ता त्याच्या अंगावर आहे. खाली सरळ समुद्र. रस्त्याला लाटांसारखे चढउतार पडलेले, डांबराची थिगळं एकावर एक, बाजूला भिंती बांधल्या तर भिंतीसकट सरकते. आम्ही गेलो तेव्हा एकच लेन चालू होती, सिग्नलला बराच वेळ थांबलो. आता डोंगराच्या आतून सुमारे 6,000 फुटांचा बोगदा काढायचं ठरलं आहे म्हणे. तुम्ही असते तर सिग्नलला उतरून थेट त्या इंजिनिअरशी बोलायला गेले असते.

काका त्या गावात फार्मसिस्ट होते आणि त्या वेळी त्या दुकानात दुसरा कोणी नव्हता. फार्मसिस्ट हजर नसला की औषधाचा काउंटर बंद ठेवावा लागते, आणि कॉन्सुलेट उघडं असते ते कामाच्या दिवशी. दोन दिवसांची सुट्टी मिळायला बदली माणूस पाहिजे, तो येणार दुसऱ्या गावातून. एकदा निघाले तर हिवाळ्यातल्या पावसाने त्याच घाटात दरड आली आणि परत फिरले. दुसऱ्यांदा पोचले तर कागदावर आजोबांच्या नावाचं स्पेलिंग आपल्या वकिलानेच चुकवलेलं. तिसऱ्यांदा झालं.

काका चुकले नाही असं मी म्हणून नाही राहिली. फोन करून एवढंच सांगायला काय झालं होतं? मी त्यांना तोंडावर विचारलं. गोळाभात खाता खाता. काकू म्हणाली, "विचार, मी पण हेच विचारते." काका बराच वेळ भातावर गरम तेल घेत बसले आणि मग म्हणाले, "भाऊला कारणं सांगितली की तो म्हणते कारणं सांगतो." आता बाबा, हे तर तुम्ही म्हणता.

2011 साली जपानच्या त्सुनामीने त्यांच्या बंदराची वाट लागली होती, आठवते का? आजीने टीव्हीवर लाटा पाहिल्या आणि तुमच्या मागे लागली, माझा पोरगा समुद्राच्या काठी राहते, त्याला फोन लाव. तुम्ही रात्री दीडपर्यंत लावत होते. काकांना ते अजून तोंडपाठ आहे, फोन उचलल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलले ते पण. "उंचावर आहेस का गाढवा?" हसत हसत सांगत होते. तिथे 1964 साली पण मोठी लाट आली होती, तेव्हा काही लोकं पहिल्या लाटांनंतर संपलं समजून सामान आवरायला परत खाली गेले आणि चौथी लाट सगळ्यात मोठी निघाली. हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात असं काकू म्हणाली.

तिथलं दीपगृह 1856 चं आहे आणि ओहोटी असली तरच चालत जाता येते, मधे समुद्राचा तळ उघडा पडते. काका दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते, खिशात भरतीच्या वेळांची चिठ्ठी, "चला, चला, पाणी चढेल", अजून तासभर बाकी असताना आम्हाला परत काठावर आणून उभं केलं. रेल्वे स्टेशनवर दोन तास आधी नेऊन बसवणारा माणूस मी अजून एकच पाहिला आहे.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या घरासमोर गाडी लावली, तिथे उतार, त्यामुळे आमचं ठोकळ्यांचं भांडण सुरू. हे म्हणत पुढे, मी म्हणत मागे. काका पायरीवरून पाहत होते. "थांबा जावईबापू," म्हणाले आणि गॅरेजमधून काही तरी घेऊन आले, गाडीत चढून ओट्यावर ठेवलं.

पाणसळ, सपाटी पाहायची ती. लाकडी, दीड फुटाची, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि बाजूला खिळ्याने कोरलेलं तुमच्या नावाचं पहिलं अक्षर आणि 74. लाकूड हाताने काळं गुळगुळीत झालेलं पण काचेतला बुडबुडा एकदम शाबूत, थोडा डावीकडे जाऊन थांबला. काका बोटाने दाखवत होते, इकडचं चाक अजून एक ठोकळा.

मी ओळखली. मी नाही तर कोण ओळखेल, लहानपणापासून ऐकून राहिली की आईने दिवाळीच्या साफसफाईत बाबांची पाणसळ भंगारवाल्याला दिली. प्रत्येक दिवाळीला. आई सांगून सांगून थकली की मी हात पण लावला नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षं!

काकांना विचारलं तर म्हणे, जायच्या आदल्या दिवशी रेडिओची फळी सरळ आहे का पाहायला घेतली होती, बॅगेत राहून गेली. दीड फुटाची वस्तू कपड्यांच्या बॅगेत कशी राहून जाते ते त्यांनाच माहीत. मी काही बोलली नाही, कारण तोवर बुडबुडा मधोमध आला होता आणि हे खूश होऊन चहा मागत होते.

निघताना मी म्हटलं, द्या, डिसेंबरमधे नागपूरला जाऊन राहिली, बाबांना देते. त्यांनी पुसली, कापडात गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि परत घेतली. म्हणाले, "भाऊने स्वतः मागितली तर देईन."

त्यांचा नंबर खाली लिहिते. तिकडे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आईची सिरीयल संपल्यावर. आणि बाबा, फोन कोणालाही लावा किंवा नका लावू, पण आईची माफी या दिवाळीच्या आधी मागून टाका.

तुमची लाडकी
छकुली

ता. क. आई, मसाला पाठवताना डबा बंद असू दे, मागच्या वेळी कुरिअरवाल्याच्या अख्ख्या ऑफिसला सावजीचा वास आला होता.