सबवूफर घेताना वॅटच्या आधी कोनचा काठ बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात गाड्यांच्या पानावर म्युझिक सिस्टीमबद्दल येतं ते सगळं इंच आणि वॅटवरच असतं, म्हणून लिहितोय. मी पण तेवढंच बघून लॅमिंग्टन रोडवरून १२ इंची सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, घेतला, खोक्यावर १२०० वॅट छापलेलं, आणि दुसरा पावसाळा संपता संपता बेसच्या जागी नुसती फडफड यायला लागली. जाळी काढून कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूच्या, कडेला बोट लावलं तर फोमचा काठ काळा चिकट भुगा होऊन बोटालाच आला. दुकानदार म्हणतो ॲम्प (ॲम्प्लिफायर) जास्त पॉवरचा झाला, वॉरंटीत बसत नाही.

ॲम्पचा काही संबंध नव्हता हो. हा पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत विरतो आणि आपल्याकडे चार महिने डिकीत ओल असते. ब्युटाइल रबराचा काठ जरा जड, त्याने आवाज किंचित कमी निघतो, पण तो टिकतो. मुंबईत तरी रबरच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरी वस्तू स्पायडर, जी कोणी बघतच नाही. कोनच्या मागे रेझिन लावलेल्या कापडाची घड्याघड्यांची चकती असते, ती कोनला परत जागेवर ओढते आणि कोनला चिकटलेली तारेची कॉईल मॅग्नेटच्या फटीत बरोबर मधोमध धरून ठेवते. रिपेअरवाल्या काकांनी मला दाखवलं, दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी ठेवून अलगद दाबायचं, खर्र असं लागलं की समजायचं कॉईल घासतेय.

आता हे हलणं एवढं महत्त्वाचं का, तर आवाज तेवढाच ठेवून ६० हर्ट्झवरून ३० वर, म्हणजे आणखी खोल बेसवर, उतरायचं असेल तर बंद खोक्यात कोनला चौपट हलावं लागतं. म्हणून एक्समॅक्स बघायचा, म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर नीट सरकतो ते. १० इंचीचा १४ मिमी आणि १२ इंचीचा ७ मिमी असेल तर १० इंचीच जास्त हवा ढकलतो! कोनसुद्धा ताठ हवा, बंद खोक्यातल्या हवेच्या दाबाने तो वाकला की बेस गढूळ येतो, आणि कागदाचा असेल तर वर कोटिंग आहे ना ते विचारा, पॉलिप्रॉपिलीनला ओलीचा त्रास नाही.

थील आणि स्मॉल या ऑस्ट्रेलियातल्या दोघा इंजिनिअरांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे सगळं आकड्यांत मांडून ठेवलंय, चांगल्या कंपन्या ते आकडे देतात पण दुकानात विचारलं की आपल्याकडेच विचित्र नजरेने बघतात. पुढच्या वेळी तुमच्या पानावर सबवूफरची किंमत छापाल तेव्हा शेजारी आरएमएस वॅट (म्हणजे स्पीकर सतत पेलतो ती पॉवर), एक्समॅक्स आणि काठ फोमचा की रबराचा एवढं छापा, ही कळकळीची विनंती.

माझा सब सध्या त्या काकांकडेच आहे, त्याच मापाचा आणि तेवढाच मऊ रबराचा काठ मिळेपर्यंत ते लावणार नाहीत म्हणालेत, कडक लावला तर खालचा बेस जाईल म्हणून.

आपला,
एक वाचक, भांडुप